मोटर घ्या, पण मागचे दाते मोजून
साप्ताहिक सदर : रोजची सायकल

इलेक्ट्रिक सायकल घ्यायला निघालेला माणूस दुकानात तीन प्रश्न हमखास विचारतो. बॅटरी केवढी, एका चार्जिंगमध्ये किती पळते आणि पडणार केवढ्याला? मागच्या चाकावर किती दात्यांचं फ्रीव्हील आहे, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक अशा चढउताराच्या गावांत राहणाऱ्यांनी हाच प्रश्न आधी विचारावा, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडच्या बहुतेक इलेक्ट्रिक सायकलींत आणि जुन्या सायकलीला बसवायच्या किटमध्ये मोटर मागच्या चाकाच्या तुंब्यातच असते. ती चाक थेट फिरवते. तिचा जोर चेनमधून जात नाही, त्यामुळे तुम्ही कुठलाही गिअर टाका, मोटरला त्याचा पत्ता नसतो. ठरलेल्या वेगाच्या आसपास ती खुशीत चालते. चढावर वेग फार उतरला की बॅटरीतल्या विजेचा मोठा हिस्सा मोटरच्या तांब्याच्या वेटोळ्यांत उष्णता होऊन वाया जातो. अनेक मोटरींच्या आत नायलॉनची दंतचक्रं असतात, त्यांनाही हा ताप सोसत नाही. म्हणजे चढावर मोटर वाचवायची तर सायकलचा वेग पडू देता कामा नये, आणि ते काम पायांचं आहे.

आता हिशेब पाहू. सायकल, माणूस आणि दप्तर मिळून १०० किलो धरा. १०० मीटरला ६ मीटर उंची वाढते अशा चढावर ताशी १२ किलोमीटरने जायचं, तर नुसतं वर चढायलाच सुमारे २०० वॅट लागतात. टायरचं घर्षण वेगळं. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे नोंदणी आणि परवान्यातून सुटका हवी असेल, तर मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. अशा मोटरचा इथेच घाम निघतो. पायांनी १०० वॅटची भर घातली तर तिचा भार बराच हलका होतो. पण ती भर घालता येईल का, हे मागचे दाते ठरवतात.

२६ इंची चाकाचा एक फेरा सुमारे २ मीटर ७ सेंटिमीटरचा. पुढे ४४ दाते आणि मागे १८ दात्यांचं एकेरी फ्रीव्हील असेल, तर ताशी १२ च्या वेगाला पायडल मिनिटाला जेमतेम ४० फेरे घेतं. एवढ्या संथ फेऱ्यात प्रत्येक पायडल उभं राहून दाबावं लागतं आणि गुडघे बोलू लागतात. मागे २८ दाते असतील तर फेरे ६१ होतात, ३४ असतील तर ७५. त्या लयीत पाय न थकता बराच वेळ चालतात. चढ तोच, मोटर तीच, पण माणूस बसून, श्वास न तुटता वर पोचतो.

हौशी मंडळींचा ओढा मात्र उलट दिशेला, सर्वांत लहान चक्रीकडे असतो. ११ दाते मिळाले की सायकल सुसाट सुटेल, असा समज आहे. पुढे ४४ आणि मागे १४ दात्यांवर ताशी २५ ला पायडल मिनिटाला साधारण ६४ फेरे घेतं. पाय हवेत फिरत नाहीत, जोर लागतो. कायद्याच्या वेगात राहायचं असेल तर १४ पुरेसे आहेत. पैसे घालायचे ते ३४ साठी घाला. सात गिअरचं १४ ते ३४ दात्यांचं शिमानोचं मेगारेंज फ्रीव्हील याच कामाचं आहे. त्यात २४ वरून थेट ३४ वर उडी आहे, ती पायाला जाणवते. पण चढाच्या तोंडाशी तीच उपयोगी पडते.

विकत घेण्याआधी मोटरची उजवी बाजू नीट बघा. आटे दिसले तर आट्यांचं फ्रीव्हील, खाचांचा दंडगोल दिसला तर कॅसेट. एकाच्या जागी दुसरं बसत नाही. आटे बहुधा ॲल्युमिनियमच्या झाकणावर पाडलेले असतात, म्हणून घाई नको. जाणकार मिस्त्री आट्यांना ग्रीस लावतो, फ्रीव्हील टेकवून आधी उलटं फिरवतो आणि आटा जागेवर ‘टक्’ बसल्याचं बोटांना कळलं की मगच सुलटं वळवतो. शेवटपर्यंत हातानेच. पान्याने आवळायची गरज नसते, पहिल्या चढावर पायांच्या जोराने ते आपोआप घट्ट होतं. काढण्याचा पाना मात्र मोटरच्या जाड ॲक्सलवरून आणि त्यातून केबल निघत असेल तर तिच्यावरूनही सरकेल असाच हवा.

मग दोन फटी तपासा. सर्वांत मोठी चक्री मोटरच्या झाकणाला घासते का, आणि सर्वांत लहान चक्रीवरची चेन फ्रेमला लागते का? पहिल्या ठिकाणी पातळ स्पेसर, दुसऱ्या ठिकाणी ॲक्सलवर वॉशर लागतो. वॉशर वाढला की रिम मध्यातून सरकते, ती पुन्हा मध्यावर आणावी लागते. वॉशरच्या नादात ॲक्सलचा चपटा भाग फ्रेमच्या खाचेतून बाहेर येऊ देऊ नका आणि ॲक्सल फिरू न देणारी पट्टी, म्हणजे टॉर्क आर्म, विसरू नका, नाहीतर मोटरच्या झटक्याने ॲक्सल फिरून केबल तुटते. शेवटी ३४ दाते पेलणारा डिरेलर, पुरेशा लांबीची चेन आणि चेन मोटरच्या बाजूला पडू नये म्हणून डिरेलरचा स्क्रू नीट लावलेला, एवढं झालं की काम पुरं.

हे काम चांगल्या मिस्त्रीच्या आवाक्यातलं आहे. तरीही बाजारात गिअर काढून एकेरी फ्रीव्हील चढवलेल्या मोटरच्या सायकली सर्रास दिसतात, ‘मोटर आहे, गिअर कशाला?’ या एका वाक्यावर विकलेल्या. त्या घेणारा माणूस पहिल्या उन्हाळ्यात चढावर उतरून ढकलतो आणि मग इलेक्ट्रिक सायकलच बेकार ठरवतो. पन्नाशीनंतर सायकलवर परतलेल्या माणसाला, रोज कारखान्यात जाणाऱ्या कामगाराला हे वाहन मोठा आधार देऊ शकतं. म्हणून उत्पादकांनी माहितीपत्रकात बॅटरीच्या शेजारी मागचे दातेही छापावेत, आणि आपण ते वाचल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

– सायकलस्वार