निकालाच्या पाटीमागे पाहा

पालकहो, पेडणे-डिचोलीत पाचवीला मूल घालताना आपण शाळेचा दहावीचा निकाल तेवढा विचारतो. त्याच दमात विचारा : दोन वर्षांपूर्वी आठवीत किती मुले होती आणि शालान्त परीक्षेला किती बसली? नववीत दुबळी मुले गाळली तर शंभर टक्के निकाल कोणीही लावील!

खरी गोम मात्र पाचवीतच आहे. चौथीपर्यंत मराठीत शिकलेले पोर इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात मुके होते. मास्तर त्याला मराठीतून समजावतात, की नुसते फळ्यावरचे उतरवून घेतात? शेजारच्या दोन-तीन मुलांच्या वह्या मागून पाहा. उत्तरे चुकांसकट सारखी असली तर काय ते समजा.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालकच असतात. त्यांतला एखादा गाठा आणि विचारा, गणिताला मास्तर वर्षभर होता का.