बॅकअप आहे, पण त्याची नाडी कोण पाहतो?

दक्षिण कोरियातील डेजॉन शहरात २६ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारी माहिती केंद्राला आग लागली आणि ‘जी-ड्राइव्ह’ या नावाने ओळखला जाणारा सरकारी कर्मचाऱ्यांचा सामाईक माहितीसाठा तिच्या भक्ष्यस्थानी पडला. ८५८ टेराबाइट माहिती आणि दुसरी प्रत कुठेही नाही! साठा एवढा मोठा होता की त्याची प्रत बाहेर ठेवता आली नाही, असा खुलासा नंतर करण्यात आला. २१ जून २०१२ची मंत्रालयाची आग आठवणाऱ्या मुंबईकराला ही हळहळ समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र, प्रतच नसणे हा निदान उघड दोष आहे. तपासनिसाला तो पहिल्या भेटीत सापडू शकतो. प्रती नियमित निघत आहेत असा सर्वांचा समज असतो, कागदोपत्री वेळापत्रकही असते आणि प्रत्यक्षात काहीच साठत नसते, हे दुखणे अधिक घातक आहे.

‘गिटलॅब’ या कंपनीच्या बाबतीत नेमके हेच घडले. जगभरचे प्रोग्रामर आपले काम या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवतात. ३१ जानेवारी २०१७च्या रात्री एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसवरच माहिती पुसण्याची आज्ञा दिली. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली, पण तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरले होते. चूक मानवी होती आणि अशा चुका होणारच. खरा धक्का त्यानंतर बसला. रोजची प्रत जेथे साठवली जायची ती जागा उघडून पाहिली, तर ती रिकामी! डेटाबेसची आवृत्ती ९.६ होती, तर प्रत काढणारा प्रोग्राम ९.२ आवृत्तीचा चालत होता. त्यामुळे तो दर वेळी सुरू होताच बंद पडत होता. त्याची सूचना देणारे ई-मेलही निघत होते, पण आवश्यक स्वाक्षरी नसल्याने ते परत फिरवले जात होते. डिस्कची स्वतंत्र छायाप्रत काढण्याची सोय होती, तर ती या सर्व्हरसाठी सुरूच केलेली नव्हती.

कंपनीला वाचवले ते योगायोगाने. चाचणीच्या कामासाठी कोणीतरी सहा तासांपूर्वी हाताने एक प्रत काढून ठेवली होती. तिच्यावरून काम सावरले, तरी ती प्रत संथ डिस्कवर असल्याने हलवण्यातच सुमारे १८ तास गेले. मूळ प्रोग्राम सुरक्षित राहिले. पण सुमारे पाच हजार प्रकल्पांच्या नोंदी, तितकेच अभिप्राय आणि ७०० नवी खाती कायमची गेली. कंपनीने हे सारे उघडपणे जगापुढे मांडले, हे तिच्या श्रेयाचे. आपल्याकडे असा खुलासा वाचायला मिळणे दुर्मीळच.

या प्रकरणातील मर्म असे, की यंत्रणा बोलली नाही आणि न बोलण्याचा अर्थ ‘सर्व आलबेल’ असा लावला गेला. त्यामुळे उपायही बिघाडाची वार्ता येण्याची वाट न पाहणारा हवा. ‘साउंडक्लाउड’ कंपनीत २०१२मध्ये आकाराला आलेले ‘प्रोमिथियस’ हे साधन या कामी वापरले जाते. ते ठरावीक अंतराने स्वतःच प्रत्येक सर्व्हरकडे जाऊन आकडे मागते. उत्तर आले नाही, तर तीही नोंद होते. अडचण अशी, की बॅकअपचे काम रात्री काही वेळ चालते आणि संपते; विचारणा होते तेव्हा उत्तर द्यायला कोणी हजर नसते. म्हणून काम संपताना त्याचे आकडे ‘पुशगेटवे’ या मधल्या ठिकाणी ठेवले जातात.

येथे एक सापळा आहे. ठेवलेला आकडा तिथे तसाच राहतो. सोमवारी ‘यशस्वी’ लिहिले गेले आणि मंगळवारपासून कामच बंद पडले, तरी पडद्यावर ‘यशस्वी’च दिसत राहणार! म्हणून जाणकार यशापयश न नोंदवता शेवटच्या यशाची वेळ नोंदवतात आणि तिला एक दिवसाहून अधिक काळ उलटला, की घंटा वाजवतात. जोडीला प्रतीचा आकार पाहावा लागतो. काल काही जीबी असलेली प्रत आज काही केबी भरली, तर ती रिकामी आहे हे सांगायला तज्ज्ञ नको. तिसरा आकडा वेगाचा. परत आणायला किती तास लागतील, हे आधी कळले नाही तर ‘गिटलॅब’सारखे १८ तास नशिबी येतात. या कंपनीने पुढे बॅकअपवर ‘प्रोमिथियस’ची नजर आणि प्रत प्रत्यक्ष उतरवून पाहण्याची स्वयंचलित चाचणी, हे दोन्ही उपाय हाती घेतले.

मुंबईला याचा अनुभव २४ फेब्रुवारी २०२१ रोजी आला. राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० वाजता थांबले, ते दुपारी ३.४५ला सुरू झाले. पर्यायी केंद्र असूनही त्या दिवशी व्यवहार तिकडे हलवले गेले नाहीत. पुढच्याच महिन्यात ‘सेबी’ने अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करण्याचे आणि त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून कामकाज सुरू करण्याचे बंधन घातले. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०२३च्या निर्देशातही प्रती वेळोवेळी उतरवून तपासण्याची अट आहे. तो प्रामुख्याने व्यापारी बँका व मोठ्या वित्त कंपन्यांसाठी आहे.

राज्यातील नगरपालिका, पतसंस्था आणि लहान रुग्णालयांपुढचा प्रश्न मात्र वेगळाच आहे. ‘प्रोमिथियस’ फुकट मिळते. घंटा वाजल्यावर रात्री दोन वाजता उठून सर्व्हर पाहणारा माणूस फुकट मिळत नाही. अशा अनेक ठिकाणी संगणकाचे काम कंत्राटावर असते आणि कंत्राटात ‘बॅकअप घेणे’ एवढाच उल्लेख असतो. ती प्रत कोणी, केव्हा आणि कोणत्या यंत्रावर उतरवून पाहायची, हे त्यात लिहिलेले नसते.