पोलादाच्या पोटातली माणसे

दिल्लीला गेलेला पाहुणा इंडिया गेट पाहिल्याशिवाय सहसा परतत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच परिसरात राष्ट्रीय युद्ध स्मारक खुले झाले आणि पाहुण्यांच्या फेरीत आणखी एका ठिकाणाची भर पडली. स्मारकाच्या आवारातील ‘परम योद्धा स्थळा’त परमवीर चक्राच्या २१ मानकऱ्यांचे अर्धपुतळे आहेत. आईवडील मुलांना एकेक नाव वाचून दाखवतात, फोटो काढतात आणि पुढे सरकतात.

यातल्या दोन पुतळ्यांपुढे मराठी माणसाने जरा जास्त वेळ थांबायला हवे. पहिला आहे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांचा. जन्म मुंबईचा, शिक्षण पुण्यात. दुसरा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा. त्यांचे घर दिल्लीत, पण जन्म पुण्याचा. दोघेही एकाच रेजिमेंटचे, ‘पूना हॉर्स’चे. दोघांनाही सियालकोटच्या आघाडीवर वीरमरण आले, एकाला १६ सप्टेंबर १९६५ रोजी, दुसऱ्याला १६ डिसेंबर १९७१ रोजी. पहिल्याचे वय ४२, दुसऱ्याचे अवघे २१. आणि दोघेही लढले ते सेंच्युरियन रणगाड्यातून.

पुतळा चेहरा दाखवतो. पण रणगाड्यात बसून लढणे म्हणजे नेमके काय, हे मुलांनी विचारले तर पुतळा काय सांगणार? त्याचे उत्तर हवे असेल, तर दिल्लीहून थेट महाराष्ट्रात, अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या जुन्या अहमदनगरला यावे लागते.

राजेशाही मोटारीचे चिलखत

सैन्याच्या चिलखती दलाचे केंद्र आणि प्रशिक्षण शाळा १९४८ पासून नगरला आहे. रणगाड्यात बसणारा जवान असो की अधिकारी, त्याच्या शिक्षणाचा रस्ता या गावातून जातो. याच केंद्राने फेब्रुवारी १९९४ मध्ये रणगाड्यांचे संग्रहालय उभे केले. उद्‌घाटन केले तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांनी. ते स्वतः रणगाडा दलातलेच होते. पुण्याहून सुमारे १२० किलोमीटरवरच्या या ठिकाणी देशोदेशीची सुमारे ५० लढाऊ वाहने एकत्र पाहायला मिळतात.

लहान मुलांचे लक्ष सर्वांत आधी वेधते ती रोल्स रॉइसची चिलखती मोटार. संस्थानिकांच्या दारात डौलाने उभी राहणारी ही गाडी पहिल्या महायुद्धात पोलादी पत्रे आणि मशिनगन घेऊन रणात उतरली. खरा रणगाडा मात्र जगाने प्रथम पाहिला तो १५ सप्टेंबर १९१६ रोजी, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून इंग्रजांनी त्याच्या बांधणीच्या काळात ‘पाण्याची टाकी’ अशी बतावणी केली आणि ‘टँक’ हे नाव त्याला कायमचे चिकटले. आपल्या मराठी शब्दात अशी लपवाछपवी नाही. रणात चालतो तो रणगाडा!

पुढे दुसऱ्या महायुद्धातले पाहुणे भेटतात. ब्रिटिशांचे माटिल्डा, व्हॅलेंटाइन आणि चर्चिल, जपान्यांचे छोटेखानी रणगाडे आणि त्यांच्या सोबतीला जर्मनांची ८८ मिलिमीटरची तोफ. ही तोफ मुळात विमाने पाडण्यासाठी बनवलेली. पण जर्मनांनी तिची नळी खाली आणली आणि उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ती रणगाड्यांचा काळ ठरली. आपले हजारो जवान त्याच वाळवंटात लढत होते. दूरच्या देशाचे म्हणून पाहावे, तर प्रत्येक यंत्राचे एक टोक असे आपल्या घरापर्यंत येऊन पोचते.

घोडे गेले, घोडेस्वार राहिले

आपल्या घोडदळाचे घोडे काढून त्याला यंत्रवाहने देण्यास १९३८ मध्ये सुरुवात झाली. पहिला मान ‘सिंध हॉर्स’चा. घोडे गेले तरी रेजिमेंटच्या नावातला ‘हॉर्स’ आजही टिकून आहे. रणगाड्यातल्या जवानाला आजही ‘सवार’च म्हणतात.

या सवारांनी काय केले, ते जोझिला खिंडीला विचारावे. १९४८ मध्ये लडाखचा रस्ता शत्रूने अडवला होता. खिंडीची उंची सुमारे साडेअकरा हजार फूट. तिथे रणगाडा चढेल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. ‘७ लाइट कॅव्हलरी’ने आपल्या हलक्या स्टुअर्ट रणगाड्यांचे तोफघुमट उतरवून ते गुपचूप पायथ्यापर्यंत नेले. मद्रास सॅपर्सच्या जवानांनी डोंगर फोडून वाट केली. १ नोव्हेंबर १९४८ रोजी बर्फात रणगाड्यांची घरघर ऐकू आली, तेव्हा शत्रूचा धीरच खचला. खिंड मोकळी झाली. स्टुअर्ट हा काही त्या काळातला बलाढ्य रणगाडा नव्हता. पण त्याला वर चढवणारी माणसे जिद्दीची होती.

पॅटनचा धडा

संग्रहालयात सर्वांत जास्त गर्दी खेचतो तो अमेरिकन पॅटन. १९६५ मध्ये पाकिस्तानची सारी भिस्त याच्यावर होती. ९० मिलिमीटरची तोफ, जाड पोलाद, नेम धरण्यासाठी आधुनिक यंत्रणा. आपल्याकडे बरेचसे जुने शर्मन, हलके फ्रेंच एएमएक्स आणि काही सेंच्युरियन होते. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पंजाबातल्या खेमकरण भागात असल उत्तर या गावाजवळ गाठ पडली. आपल्या सैन्याने कालव्याचे पाणी सोडून शेतांचा चिखल करून ठेवला आणि उसाच्या आड आपले रणगाडे दडवले. पॅटन चिखलात रुतले आणि कडेने मारा सुरू झाला. लढाई संपली तेव्हा शत्रूचे ९७ रणगाडे नष्ट झाले होते किंवा आपल्या हाती लागले होते.

याच लढाईत ‘४ ग्रेनेडियर्स’चे हवालदार अब्दुल हमीद लढले ते उघड्या जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेवरून. जीपला चिलखत नाही, आडोसा फक्त उसाचा. त्यांनी एकामागून एक पॅटन टिपले आणि १० सप्टेंबर रोजी तिथेच देह ठेवला. नगरला पॅटनच्या जाड पोलादाकडे पाहताना ती उघडी जीप डोळ्यांपुढे आणावी. मग युद्ध कोण जिंकते, यंत्र की माणूस, हे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पॅटनइतकाच वेळ सेंच्युरियनलाही द्यावा. सुमारे ५० टनांचे हे धूड चौघे मिळून चालवतात. पुढे चालक, घुमटात तोफची, गोळे भरणारा आणि कमांडर. आत उकाडा, धूर, कानठळ्या बसवणारा आवाज. चालकाला बाहेरचे जग दिसते ते एका अरुंद काचेतून. चौफेर पाहायचे तर कमांडरला झाकण उघडून डोके बाहेर काढावे लागते आणि शत्रूचा नेम असतो तो नेमका त्याच डोक्यावर. फिलोराच्या लढाईत तारापोर जखमी झाले, पण मागे जायला त्यांनी नकार दिला. पुढे पाच दिवस ते आपल्या रेजिमेंटच्या अग्रभागी राहिले. रणगाड्याला अनेकदा तोफगोळे लागले आणि अखेरीस त्याने पेट घेतला.

गेलेला विद्यार्थी, परतलेला रणगाडा

अरुण खेत्रपाल यांची कहाणी तर नगरलाच सुरू होते आणि एका अर्थाने नगरलाच येऊन थांबते. जून १९७१ मध्ये ते अधिकारी झाले. तरुण अधिकाऱ्यांच्या अभ्यासक्रमासाठी नगरच्या शाळेत असतानाच युद्धाचे ढग जमले आणि त्यांना आघाडीवर बोलावणे आले. वाटेत ते दिल्लीच्या घरी थांबले. निघताना त्यांनी गोल्फच्या काठ्याही बरोबर घेतल्या. लाहोरला खेळायचे आहे, असे ते म्हणाल्याची आठवण घरच्यांनी पुढे सांगितली आहे. एकवीस वर्षांच्या मुलाचेच हे बोलणे!

१६ डिसेंबरला बसंतर नदीच्या पलीकडे, जरपाल गावाजवळ, शत्रूच्या रणगाड्यांनी जोराचा हल्ला चढवला. खेत्रपाल यांच्या सेंच्युरियनचे नाव होते ‘फामागुस्ता’. सायप्रस बेटावरच्या एका बंदराचे हे नाव. रणगाडा पेटला तेव्हा वरिष्ठांनी बाहेर पडण्याचा हुकूम दिला. तोफ अजून चालते आहे, असे कळवून ते आतच राहिले. त्या हल्ल्यात शत्रूचे १० रणगाडे नष्ट झाले, त्यातले ४ एकट्या खेत्रपाल यांनी टिपले. शेवटचा गोळा लागला तेव्हा शत्रू अगदी जवळ येऊन ठेपला होता. दुसऱ्याच दिवशी युद्ध थांबले. दिल्लीच्या घरी मुलाची वाट पाहिली जात होती. आली ती तार.

शत्रूच्या हाती पडलेला ‘फामागुस्ता’ पुढे भारताला परत मिळाला. आज तो नगरच्या त्याच चिलखती केंद्रात जतन केलेला आहे, जिथून त्याचा तरुण कमांडर शिक्षण अर्धे टाकून गेला होता.

कहाणीला आणखी एक पान आहे. २००१ मध्ये अरुणचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, वयाच्या ८१ व्या वर्षी आपले जन्मगाव सरगोधा पाहण्यासाठी पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांचे यजमान होते पाकिस्तानी सैन्यातले ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर. त्यांनी पाहुण्यांची घरच्या वडीलधाऱ्यासारखी सरबराई केली. निरोपाच्या आदल्या रात्री त्यांनी मनातले ओझे उतरवले. त्या दिवशी अरुणच्या रणगाड्यावर गोळा डागणारे आपणच होतो, असे त्यांनी सांगितले आणि मुलाच्या शौर्याला सलाम केला. वडील काय बोलणार? ज्याने मुलगा हिरावला, त्याच्याच घरचे मीठ खाल्ले होते. दोघेही सैनिक होते. दोघांनाही एकमेकांचे दुःख समजले.

मुलांना काय दाखवावे

पुण्याहून शिर्डीला जाणाऱ्या अनेक कुटुंबांचा रस्ता नगरवरूनच जातो. सवड काढून दोन तास या संग्रहालयाला द्यावेत. परिसर लष्करी असल्याने ओळखपत्र जवळ असावे आणि वेळेची आधी चौकशी करावी. मुलांना रणगाड्यापुढे फोटोसाठी जरूर उभे करावे, पण त्याआधी तीन प्रश्न विचारावेत. याच्या आत किती माणसे बसत असतील? त्यांना बाहेरचे कुठून दिसत असेल? आणि आग लागली, तर ती बाहेर कशी येत असतील?

मुले रणगाड्याभोवती फिरून उत्तरे शोधू लागतील. छोटेसे झाकण सापडले की क्षणभर गप्प होतील. त्यांना तेवढे गप्प राहू द्यावे. पुढे कधी दिल्लीला त्या अर्धपुतळ्यांपुढे उभी राहतील, तेव्हा नाव वाचून ती लगेच पुढे सरकणार नाहीत.