निकाल लावणे आणि न्याय करणे

न्यायालयांच्या दिरंगाईविषयी बोलणे निघाले, की अमेरिकेचा दाखला देणारा एखादा तरी सुशिक्षित गृहस्थ आपल्या बैठकींतून भेटतोच. एका औषधाने किंवा एका कारखान्याने दहा हजार माणसांस अपाय केला, तर तेथे दहा हजार खटले दहा हजार ठिकाणी रेंगाळत नाहीत. सारे एका न्यायाधीशापुढे आणतात आणि त्यांचा एकदम निकाल लावतात. मग आपल्याकडेच हे का होऊ नये, असा त्याचा प्रश्न असतो. प्रश्न वरवर बिनतोड दिसतो. परंतु ‘निकाल लावणे’ ह्या शब्दांस आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. न्यायाधीश खटल्याचा निकाल लावतो, आणि उधळ्या मुलगा वडिलार्जित इस्टेटीचाही निकालच लावतो. अमेरिकन पद्धतीची जी वाखाणणी आपण ऐकतो, ती पुष्कळदा ह्या दुसऱ्या अर्थाची असते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वस्तुस्थिती अशी. शारीरिक इजेच्या भरपाईचा कायदा अमेरिकेत मुख्यत्वे त्या त्या राज्याचा असल्यामुळे असे असंख्य दावे राज्यांच्या न्यायालयांत दाखल होतात. संघीय न्यायालयांतील विखुरलेले दावे एकत्र आणण्याचा कायदा 1968 साली झाला. राज्यांनी मात्र आपापल्या सोयीने निरनिराळ्या तऱ्हा काढल्या. टेक्सासने 2003 साली ह्या कामासाठी न्यायाधीशांचे एक मंडळ स्थापले. कॅलिफोर्नियात असे दावे राज्याच्या न्यायमंडळामार्फत एकत्र येतात व त्या समूहास एक क्रमांक मिळतो. न्यू जर्सीची रीत आम्हांस विशेष विचारपूर्वक योजलेली वाटते. तेथे दावे एकत्र करावेत असा अर्ज आला, की त्याची जाहीर सूचना निघते, हरकती मागवल्या जातात, आणि मग राज्याचे सर्वोच्च न्यायालय तो अर्ज मान्य करावयाचा की नाही हे ठरवते. मान्य झाल्यास अटलांटिक, बर्गेन किंवा मिडलसेक्स ह्या परगण्यांपैकी एका ठिकाणच्या न्यायाधीशाकडे सारे दावे जातात. तेथे ते एकत्र चालले, तरी एक मात्र होत नाहीत. कागदपत्रांची मागणी, साक्षीदारांच्या जबान्या, तज्ज्ञांच्या पात्रतेचा वाद, एवढी पूर्वतयारी सामाईक असते; दावा ज्याचा त्याचाच राहतो. आमच्या गृहस्थांच्या ध्यानात नेमकी हीच गोष्ट येत नाही.

ह्या व्यवस्थेत खरोखर उचलण्याजोगे जे आहे, तो वेग नव्हे. ती यादी होय. कोणते दावे एकत्र केले, ते कोणत्या न्यायाधीशापुढे आहेत, त्याने आजवर कोणते हुकूम दिले, हे सारे न्यायालय उघडपणे मांडून ठेवते. नवरा गमावलेल्या एखाद्या बाईस आपले प्रकरण कोठवर आले हे पाहण्यासाठी वकिलाच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत, ही काही लहान गोष्ट नव्हे. आणि यादी आली, म्हणजे यादीतला क्रम आला. पहिला कोण, हा प्रश्न तेथे चुकवता येत नाही.

अ‍ॅस्बेस्टॉसच्या दाव्यांत ह्या प्रश्नाची पुरी कसोटी लागली. त्या खनिजाचे तंतू श्वासाबरोबर आत गेल्यावर कर्करोग प्रकट होण्यास बहुधा वीस ते पन्नास वर्षे लागतात. दावा लावण्याची मुदत मात्र अपाय कळून आल्यापासून धावू लागते. त्यामुळे क्ष-किरणांच्या चित्रात फुप्फुसाच्या आवरणावर डाग दिसताच, अद्याप हिंडताफिरता असलेला कामगारही मुदत बुडेल ह्या धास्तीने न्यायालय गाठी. आणि अशा हजारो दाव्यांच्या मागे, ज्याचे दिवस मोजके उरले आहेत असा मनुष्य तिष्ठत राही. ह्यावर मॅसॅच्युसेट्सने 1986 साली, शिकागोच्या न्यायालयाने 1991 साली आणि बाल्टिमोरने 1992 साली एक साधाच तोडगा काढला. जे अजून आजारी नाहीत त्यांची नावे एका वेगळ्या यादीत लिहावीत, त्यांची मुदत थांबवून धरावी, आणि रोगाने डोके वर काढले की नाव चालत्या यादीत घ्यावे. न्यूयॉर्क शहरात मरणोन्मुख वाद्यांचा वेगळा गट करून त्यांचे खटले आधी घेण्याची रीत पडली. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे, वादी सहा महिन्यांपलीकडे जगेल की नाही अशी रास्त शंका वैद्यकीय पुराव्याने दाखवल्यास न्यायालय त्यास अग्रक्रम देऊ शकते. आणि तो दिल्यावर 120 दिवसांच्या आत खटला उभा राहिला पाहिजे.

वेगळी यादी म्हणजे नुसती अडगळीची खोली, असा आक्षेप कोणी घेतील. आक्षेप अगदीच पोकळ नाही. जी यादी कोणी पुन्हा उघडत नाही, तिच्यात पडलेले नाव आणि वाळूवर लिहिलेले नाव ह्यांत फारसा भेद नाही. तथापि त्या कामगाराचा हक्क शाबूत राहिला आणि आसन्नमरण मनुष्याचा खटला त्याच्या हयातीत उभा राहण्याची शक्यता निर्माण झाली, हे नाकारता येत नाही.

आता ह्याच व्यवस्थेची घसरण पाहा. फिलाडेल्फियाने 1992 साली गुंतागुंतीच्या दाव्यांसाठी स्वतंत्र केंद्रच उघडले. त्याच्या उरकाचा लौकिक पसरला, आणि 2009 साली तेथील मुख्य न्यायाधीशांनी अन्यत्रचे दावेही आपल्याकडे यावेत अशी इच्छा बोलून दाखवली. न्यायालयाने पेठेतल्या दुकानदारासारखे गिऱ्हाइकास हाकारावे काय? तेथे अ‍ॅस्बेस्टॉसच्या खटल्यांत एक चमत्कारिक प्रघातही होता. प्रतिवादी दोषी आहे की नाही हे ठरण्याच्या आधी रोगाचे कारण व नुकसानीची रक्कम ज्यूरीपुढे ठरावयाची, आणि दोषाचा विचार मागाहून! रक्कम एकदा कळली की दोन्ही पक्ष तडजोडीस येतात आणि खटला पुढे चालवावाच लागत नाही, हे त्यामागचे इंगित. 2012 च्या फेब्रुवारीत तेथील न्यायालयानेच नियम काढून हा उलटा क्रम सर्व पक्षांच्या संमतीवाचून चालवण्यास मनाई केली आणि अनेक दावे एकाच ज्यूरीपुढे लोटण्यासही आळा घातला. ज्यांनी ती पद्धत वीस वर्षे जवळून पाहिली, त्यांनीच तिला लगाम घातला. आमचे गृहस्थ मात्र अजून तिच्या भरधाव चालीवर लुब्ध आहेत.

तडजोडीतून पीडितांच्या हाती पडते तरी काय? रँड ह्या संशोधनसंस्थेने अ‍ॅस्बेस्टॉसच्या दाव्यांचा हिशेब मांडला आहे. 2002 सालापर्यंत सुमारे 7,30,000 लोकांनी दावे केले आणि त्यांपायी सुमारे 7,000 कोटी डॉलर खर्च झाले. त्यांतील प्रत्येक डॉलरमागे दावेदारांस मिळाले सुमारे 42 सेंट; अर्ध्याहून अधिक रक्कम दोन्ही बाजूंच्या वकिलांत व इतर खर्चांत जिरली.

संख्येच्या धाकाने उलट टोकही गाठले जाते. 1986 साली न्यू जर्सीत लोन पाइन नावाच्या कचराभूमीजवळील रहिवाशांच्या दाव्यात न्यायाधीशाने हुकूम दिला, की प्रत्येक वादीने आपला रोग व त्याचे कारण ह्यांविषयी वैद्याचा अभिप्राय आधीच सादर करावा. पुरेसा पुरावा न आल्याने दावा फेटाळला गेला, आणि ‘लोन पाइन हुकूम’ हे पुढे अशा दाव्यांतील एक हत्यारच होऊन बसले. पोकळ दावे चाळून काढण्यास चाळणी हवी, हे आम्हांसही मान्य आहे. पण पुराव्याचे कागद प्रतिवादीच्या कपाटात असता, ते कपाट उघडण्यापूर्वीच वादीकडे पुरावा मागावयाचा, ह्यास चाळणी कोण म्हणेल? तो दाराला लावलेला अडसर होय.

कंपन्यांची तक्रार अशी, की वकील आपल्याला सोयीचे राज्य निवडून देशभरचे वादी तेथे गोळा करतात. प्लाविक्स ह्या औषधाच्या दाव्यांत 86 वादी कॅलिफोर्नियाचे होते आणि 592 वादी अन्य 33 राज्यांतील. 2017 साली संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने बाहेरच्यांचे दावे तेथे चालवता येणार नाहीत असे ठरवले. आम्ही वकिलांची तरफदारी करीत नाही. परंतु साऱ्या राज्यांत माल विकणाऱ्या कंपनीने वाद्यांनी मात्र आपापल्या राज्यात विखुरलेले राहावे असा आग्रह धरावा, आणि तडजोडीची वेळ आली की तिलाच सारे एकत्र हवे असावेत, ही नीती न्यायाची नव्हे, सोयीची आहे.

आणि आमच्या गृहस्थांस आठवण करून द्यावीशी वाटते, की एकदम निकाल लावण्याचा प्रयोग आपल्या देशात होऊन चुकला आहे. भोपाळची वायुदुर्घटना 1984 च्या डिसेंबरात झाली. 1985 साली कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने दावा चालवण्याचा अधिकार केंद्र सरकारने एकट्याकडे घेतला. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने 1986 साली प्रकरण भारतात पाठवले, आणि 1989 च्या फेब्रुवारीत 47 कोटी डॉलरवर समझोता झाला. दोषाचा खटला चाललाच नाही. कोणाला किती इजा झाली ह्याची दावेवार न्यायिक तपासणी रक्कम ठरून गेल्यावर झाली, आणि भरपाईस पात्र ठरलेल्यांची संख्या सुमारे 5 लक्ष 74 हजारांवर गेली. ठरलेली रक्कम एवढ्यांस कशी पुरावी? केंद्र सरकारने वाढीव रकमेसाठी 2010 साली सर्वोच्च न्यायालयाचे दार पुन्हा ठोठावले; 2023 च्या मार्चमध्ये तो अर्ज फेटाळला गेला.