विमानतळाचे भागीदार कोण?

नगर-सोलापूर रस्त्यावरील मिरजगाव हे कर्जत तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. भोवतालचा मुलूख पर्जन्यछायेतला, बहुतांशी जिराईत. अशा मुलखातून माणसे पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडत आली आहेत. कोणी कोयता घेऊन उसाच्या फडावर गेला, कोणी पुण्यामुंबईच्या कारखान्यांत रुजू झाला, आणि अलीकडच्या दोन-तीन दशकांत शिकलेली मुले आखाती देशांत, इंग्लंडात, अमेरिकेत जाऊन पोहोचली. बाहेर गेलेला माणूस गाव विसरत नाही. तो पैसे पाठवितो. त्या पैशातून बहिणीचे लग्न होते, विहिरीचे काम होते, ग्रामदैवताच्या जीर्णोद्धाराला वर्गणी जाते आणि शेवटी एक दुमजली घर उभे राहते, ज्याचे कुलूप दिवाळी-यात्रेलाच उघडते. यात निंद्य असे काहीच नाही. परंतु एवढ्या कष्टाने मिळविलेला पैसा घराच्या भिंतींच्या पलीकडे का जात नाही, सार्वजनिक संपत्ती उभारण्यास त्याचा उपयोग का होत नाही, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

ही वेळ आली आहे असे आम्ही म्हणतो, याचे कारण जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास घडत आहे. कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे असलेल्या शिर्डी विमानतळाच्या विस्ताराचे काम राज्य सरकारने हाती घेतले आहे. 1 ऑक्टोबर 2017 रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते या विमानतळाचे उद्घाटन झाले. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी ही सरकारी कंपनी त्याची चालक असून, उभारणीसाठी श्रीसाईबाबा संस्थानाने 50 कोटी रुपये दिले होते. घाईने सुरू केलेल्या कार्याची उणीव लवकरच दिसली. 2019 च्या नोव्हेंबरात खराब दृश्यमानतेमुळे विमानसेवा सुमारे महिनाभर ठप्प झाली आणि उपकरणांवाचून विमानतळ म्हणजे केवळ डांबरी पट्टा, हे सर्वांच्या ध्यानी आले. पुढे सुधारणा झाल्या. 2025 साली रात्रीची वाहतूकही सुरू झाली. आता नवी प्रवासी इमारत व अन्य सोयी यांसाठी सुमारे 876 कोटी रुपयांचा आराखडा मंजूर झाला आहे, आणि 2027 सालच्या नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याची निकडही त्यामागे आहे.

आधुनिकीकरणास आमचा विरोध नाही. दूरवरून येणारा यात्रेकरू सुखरूप उतरावा, रात्री उतरावा, पावसाळ्यात उतरावा, हे कोणास नको आहे? आमचा प्रश्न निराळा आहे. या विमानतळासाठी आजवर तिघांनी दिले. काकडी परिसरातील शेतकऱ्याने जमीन दिली, देशोदेशीच्या भक्तांनी दानपेटीत टाकलेल्या पैशातून संस्थानाने निधी दिला, आणि उरलेला भार राज्यातील करदात्याने उचलला, ज्यांत मिरजगावचा करदाताही आला. देणाऱ्यांची ही यादी लांबलचक आहे. परंतु निर्णय जेथे होतात त्या टेबलाभोवती यांपैकी कितीजण बसतात? जमीन देणारा मोबदला घेऊन मोकळा झाला, भक्त नमस्कार करून निघून गेला आणि करदात्यास तर आपण काही दिले हेही ठाऊक नाही. ज्या काकडीच्या शिवारात हा विमानतळ उभा आहे, तेथील ग्रामपंचायतीस कराच्या कोट्यवधी रुपयांच्या थकबाकीसाठी विमानतळाच्या चालकांकडे तगादा लावावा लागला, यापरते या व्यवस्थेवरील बोलके भाष्य दुसरे कोणते असणार? गाव मालक असते तर ही पाळी आली नसती.

दुसरी व्यवस्था शक्य आहे काय? आहे, आणि ती आपल्याच देशात आहे. केरळातील कोचीजवळ नेडुंबसेरी येथे 1990 नंतरच्या दशकात नवा विमानतळ बांधावयाचे ठरले, तेव्हा सरकारजवळ पैसा नव्हता. एर्नाकुलमचे तत्कालीन जिल्हाधिकारी व्ही. जे. कुरियन यांनी परदेशस्थ केरळीयांकडे वळण्याची कल्पना मांडली. प्रथम त्यांच्याकडून बिनव्याजी कर्ज मागण्यात आले, आणि हाती आले ते अगदीच अल्प. मग 1994 साली कंपनी स्थापन झाली आणि कर्जाऐवजी भाग देऊ करण्यात आले. तेव्हा चित्र पालटले. तीसांहून अधिक देशांत विखुरलेले हजारो लोक भागधारक झाले; राज्य सरकारने सुमारे एक-तृतीयांश भाग स्वतःकडे ठेवला. 25 मे 1999 रोजी तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते विमानतळाचे उद्घाटन झाले. 2015 साली तो संपूर्णपणे सौरऊर्जेवर चालणारा जगातील पहिला विमानतळ ठरला, आणि 2022-23 या वर्षासाठी त्याने भागधारकांना 35 टक्के लाभांश दिला. या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा भाग आम्हांस पहिल्या अपयशाचा वाटतो. दूर गेलेल्या माणसाने ‘गावावरील प्रेम’ म्हणून कर्ज दिले नाही. पण ‘हे तुझे आहे’ असे म्हणताच त्याने पैसा दिला. प्रेम कमी होते असे नव्हे. प्रेमाला मालकीचा आधार हवा होता.

मालकी हातची गेली म्हणजे काय होते, याचेही उदाहरण केरळनेच पाहिले आहे. 2018 च्या अखेरीस केंद्र सरकारने सहा विमानतळ 50 वर्षांच्या कराराने खासगी कंपन्यांस देण्यासाठी बोली मागविली. तिरुवनंतपुरमसाठी केरळ सरकारच्या औद्योगिक विकास महामंडळाने दर प्रवाशामागे 135 रुपये देऊ केले. अदानी उद्योगसमूहाने 168 रुपये. राज्याने विरोध केला, न्यायालयात दाद मागितली. परंतु 2021 साली विमानतळ खासगी हाती गेलाच. आपल्या राज्यातही 2009 साली नांदेड, लातूर, यवतमाळ, धाराशिव व बारामती येथील विमानतळ एका खासगी कंपनीला भाडेपट्ट्याने देण्यात आले होते. त्या वेळी जी स्वप्ने मराठवाड्यास दाखविण्यात आली, त्यांचे पुढे काय झाले हे लातूरकरांस आणि नांदेडकरांस विचारावे. विमानसेवा वर्षानुवर्षे रखडली आणि अखेर विमानतळ परत घेण्याची भाषा सरकारलाच करावी लागली. खासगी चालक वाईटच असतो असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याचे घर तेथे नाही, त्यास ओसाड धावपट्टीची लाज वाटण्याचे कारण नसते.

येथे कोणी म्हणेल की केरळची गोष्ट केरळला शोभते. मराठी माणूस परदेशात आहेच किती आणि तो पाठवितो किती? या समजुतीचा फोलपणा रिझर्व्ह बँकेच्या पाहणीने उघड केला आहे. 2023-24 साली परदेशांतून भारतात आलेल्या एकूण रकमांपैकी 20.5 टक्के महाराष्ट्रात आल्या, तर केरळात 19.7 टक्के. महाराष्ट्राच्या आकड्यात मुंबई-पुण्याचा वाटा मोठा असणार हे उघड आहे. मिरजगावच्या वाट्याला त्यातील फार थोडे येत असेल. तथापि पैसा नाही, ही सबब आता चालणार नाही. नाही ती सांगड. पैसा बँकेत पडून राहतो, नाही तर शहरातील सदनिकेत अडकतो, कारण गावाकडे त्याला विश्वासाने उभे राहावयास जागा नाही.

आणि ही सांगड घालण्याची विद्या केरळकडून उसनी घेण्याचीही आपणास आवश्यकता नाही. ज्या जिल्ह्यात आज विमानतळाचा विस्तार चालला आहे, त्याच जिल्ह्यात प्रवरेच्या काठी, लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांच्या भागांवर साखर कारखाना उभा केला. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. वैकुंठभाई मेहतांसारख्या सहकारधुरीणाचे पाठबळ लाभले. आणि 1950-51 च्या हंगामात गाळप सुरू झाले. खेडुताने एवढा मोठा कारखाना चालविणे म्हणजे आकाशाला गवसणी घालणे, असे म्हणणारे शहाणे तेव्हाही होते. उसाच्या मळ्यात जे साधले, ते धावपट्टीच्या कडेला का साधू नये?

मात्र या प्रश्नाचे उत्तर देताना आपण स्वतःला फसविता कामा नये. याच जिल्ह्याने आणि याच राज्याने सहकाराचा ऱ्हासही पाहिला आहे. भागधारक नावापुरता उरला, संचालक मंडळे घराण्यांच्या हाती गेली, कित्येक कारखाने कर्जात बुडून विकले गेले. नुसते भाग वाटल्याने मालकी येत नाही. हिशेब पाहण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार असेल तरच ती येते. शिवाय कोचीचा नफा हा प्रत्येक विमानतळाचा नशीबयोग नव्हे. केरळातच कन्नूर येथे याच धर्तीवर कंपनी स्थापून बांधलेला विमानतळ 9 डिसेंबर 2018 रोजी सुरू झाला. परंतु परदेशी विमान कंपन्यांस तेथे येण्याची केंद्राची परवानगी वर्षानुवर्षे मिळाली नाही आणि भागधारकांच्या नशिबी तोटा आला. आपल्या सिंधुदुर्गातील चिपी विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 रोजी थाटात सुरू झाला आणि 2024 साली तेथील मुंबईची नियमित सेवा खंडित झाली. शिर्डीचा आधार यात्रेकरू हा आहे. तो मोठा आधार आहे, पण एकमेव आहे. कर्जत-श्रीगोंद्याचे लिंबू विमानाने परदेशी जाईल असे चित्र जे सभांतून रंगवितात, त्यांनी लिंबाचा भाव आणि विमानाचे भाडे एकदा शेजारी मांडून पाहावे. परदेशस्थ बांधवाकडे पैसा मागावयाचा तर त्यास धोका आधी सांगितला पाहिजे. गावाच्या नावाने भावनेला हात घालून जमविलेले भांडवल बुडाले, तर पुढील दोन पिढ्या गावाला एक रुपयाही देणार नाहीत.

ही सावधगिरी बाळगून आम्ही पुढील गोष्टी सरकारपुढे ठेवू इच्छितो. पहिली, शिर्डी विमानतळासाठी स्वतंत्र कंपनी करावी आणि तिचा जमाखर्च राज्यातील इतर विमानतळांच्या जमाखर्चात न मिसळता दर वर्षी मराठीत प्रसिद्ध करावा. दुसरी, ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना, आणि विस्तारासाठी ज्यांच्या जाणार असतील त्यांना, मोबदल्याव्यतिरिक्त भाग द्यावेत. जमीन देणाऱ्यास विकासात वाटा द्यावा हे तत्त्व या राज्यास नवे नाही; 1984 साली जासई-नवघरच्या लढ्यात पाच जणांनी प्राण वेचल्यावर साडेबारा टक्के विकसित भूखंडाच्या रूपाने ते मान्य झालेच. आज पुरंदरच्या गावांतून विमानतळाला जो विरोध दिसतो, तोही विमानाला नव्हे, बेदखल होण्याला आहे. तिसरी, काकडी व शेजारच्या ग्रामपंचायतींस संचालक मंडळावर मतासह जागा असावी आणि त्यांचा कर वेळेवर चुकता व्हावा. चौथी, भागांचा काही हिस्सा जिल्ह्यातील रहिवासी आणि जिल्ह्याबाहेर, देशाबाहेर गेलेले नगरकर यांच्यासाठी राखून ठेवावा; एका व्यक्तीने किती भाग घ्यावेत यास मर्यादा घालावी; आणि लहान भागधारकांनी आपल्यातून निवडलेला प्रतिनिधी मंडळावर घ्यावा. कोचीच्या व्यवस्थेतही लहान भागधारकाचा आवाज क्षीणच राहिला; ती उणीव आपण पहिल्या दिवशीच भरून काढू शकतो. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की बहुसंख्य भाग विकण्याचा वा चालकत्व दीर्घ मुदतीने देण्याचा कोणताही निर्णय या भागधारकांच्या संमतीवाचून होऊ नये.

सरकारी अधिकारी म्हणतील, इतकी माणसे आली की निर्णय रेंगाळतील. आम्ही त्यांस 2019 चा तो महिना आठवावयास सांगू. तेव्हा निर्णय घेणारे थोडेच होते; तरी विमाने जमिनीवरच राहिली. चार माणसांनी विचारले असते की दिवे कोठे आहेत, उपकरणे कोठे आहेत, तर कदाचित तो महिना वाया गेला नसता. लोकांचे प्रश्न हा कामातील अडथळा आहे असे मानण्याची सवय आपल्या कारभारास लागली आहे. ती आधी मोडली पाहिजे.

मिरजगावच्या वेशीवरून शिर्डीचे विमान दिसत नाही. तेथील माणसास त्या विमानात बसण्याचा योग कदाचित एखाद्या वेळी येईल, कदाचित येणारही नाही. परंतु दूरदेशी गेलेल्या त्याच्या मुलास उद्या कोणी विचारले की तुझ्या जिल्ह्यात तुझे काय आहे, तर ‘वर्षभर बंद असलेले एक घर’ एवढेच उत्तर त्याला द्यावे लागू नये. नव्या इमारतीच्या कोनशिलेवर कोणाची नावे कोरावयाची, याची चर्चा यथाकाल होईलच. भागधारकांच्या नोंदवहीत कोणाची नावे असतील, याची चर्चा आजच, पाया भरण्यापूर्वी, झाली पाहिजे. पाया भरल्यावर ती करण्यात अर्थ उरणार नाही.