डेटाबेसची लिपी कोणी ठरवायची?

डेटाबेस हा तांत्रिक माणसांचा प्रांत, आपण कारकुनांनी त्यात नाक कशाला खुपसायचे, असे कुणी म्हणेल. पण नावे भरायची आम्ही आणि ती बिघडली की खिडकीवर बोलणी खायची तीही आम्हीच. म्हणून हे चार शब्द.

मायएसक्यूएल हा डेटाबेस फुकट मिळतो म्हणून भरपूर वापरला गेला. तो जन्मला स्वीडनमध्ये. वेगळे काही सांगितले नाही तर तो 'लॅटिन-१' हे एन्कोडिंग गृहीत धरी आणि अकारविल्हे लावी ती स्वीडिश नियमाने! लॅटिन-१ मध्ये देवनागरीला जागाच नाही. अशा रकान्यात मराठी नाव गेले की पुष्कळदा प्रश्नचिन्हेच उरत. 'कामत' काय नि 'नाईक' काय, दोघेही चार प्रश्नचिन्हे. मूळ अक्षर मग कायमचे गेले.

देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. मायएसक्यूएलचे गृहीत मात्र बदलले २०१८ साली, आवृत्ती ८.० मध्ये. त्याआधी 'यूटीएफ-८' निवडले तरी ते अक्षरामागे तीनच बाइट देई. देवनागरीचे त्यात भागते. पण २०१४ साली युनिकोडमध्ये आलेल्या आपल्या मोडीला चार लागतात. त्यासाठी 'यूटीएफ-८-एमबी-४' हवे.

जाणकार म्हणतात, सेटिंग बदलता येते की! येते हो. पण बदलणार कोण? कंत्राटदार यंत्रणा बसवून जातो आणि जे आयते आले तेच वर्षानुवर्षे राहते. नवी आवृत्ती घातली म्हणून जुने तक्ते आपोआप बदलत नाहीत.

पोर्तुगीज कागदांनी आपल्या प्रभूंचे 'पोरोबो' आणि शेणैंचे 'सिनाय' केले. तिथे माणूस निदान ओळखू तरी येतो. प्रश्नचिन्हांतून काय ओळखणार? १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषेचा मान दिला, मराठीलाही सरकारी कामात वापरण्याची मुभा दिली. कोकणी-मराठीचा वाद घालायचा तेव्हा घालू, प्रश्नचिन्हे दोघींच्याही वाट्याला सारखीच येतात.

माझे म्हणणे एवढेच: निविदेतच एक ओळ असावी. डेटाबेस, तक्ते आणि जोडणी तिन्ही 'यूटीएफ-८-एमबी-४' मध्ये हवीत. आणि बिल मंजूर करण्याआधी 'ज्ञानेश्वर', 'सूर्या', 'कऱ्हाडे' अशी पाच-दहा नावे भरून, छापून बघावीत. त्याला इंजिनिअर लागत नाही, वाचता येणारा कारकून पुरतो.