देवघेवीचे राखणदार

ज्या घरांतील मुलगा अगर मुलगी अर्थशास्त्र, कायदा अगर संख्याशास्त्र घेऊन नुकतीच पदवीधर झाली आहे, त्या घरीं ‘आतां पुढें काय?’ हा प्रश्न निघालाच असेल. अशा वाचकांपुढें आज आम्ही एका निराळ्या उमेदवारीचा विचार मांडूं इच्छितों. बाजारांतील देवघेव ज्या यंत्रणांतून पुरी होते, त्यांवर देखरेख ठेवणाऱ्या कचेरींत कांहीं महिने शिकाऊ म्हणून राहणें, ही ती उमेदवारी होय. हल्लीं तीस इंटर्नशिप म्हणतात.

सौदा ठरला म्हणजे व्यवहार पुरा झाला असें नव्हे. पैसा विकणाराच्या हातीं व रोखा घेणाराच्या खात्यांत जाईपर्यंत मध्यें बरेंच काम असतें. १९९६ सालीं निघालेली एनएसडीएल ही संस्था रोख्यांचीं खातीं ठेवते. २००१ सालीं स्थापन झालेलें क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया हें सरकारी रोख्यांच्या सौद्यांत दोन्ही पक्षांच्या मध्यें उभें राहतें. विकणारास तेंच गिऱ्हाईक, घेणारास तेंच विक्रेतें. एकानें हात वर केले तरी दुसऱ्याचें बुडूं नये, हा त्यांतील हेतु. परंतु सर्वांचा भार ज्याच्या शिरावर, तोच डळमळला तर? म्हणून राखणदारावरहि राखणदार लागतो. २००७ च्या कायद्यानें देण्याघेण्याच्या यंत्रणांवरील देखरेख रिझर्व्ह बँकेकडे आहे; शेअरबाजाराकडील सेबीकडे.

ही सावधगिरी अनुभवांतून आलेली आहे. २६ जून १९७४ रोजीं जर्मनींतील कलोन येथील हेरस्टाट बँक दिवसाचें कामकाज संपतां संपतां बंद करण्यांत आली. ज्यांनीं तिला मार्क आधींच पोंचते केले होते, त्यांस त्यांच्या बदल्यांत न्यूयॉर्कला मिळावयाचे डॉलर मिळाले नाहींत. तेथें तेव्हां सकाळच होती! आपल्याकडेहि २४ फेब्रुवारी २०२१ रोजीं दूरसंचाराच्या जोडण्या बिघडून मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारांतील सौदे सकाळीं ११-४० पासून दुपारीं ३-४५ पर्यंत बंद राहिले. अशा यंत्रणांकरितां २०१२ सालीं २४ आंतरराष्ट्रीय तत्त्वें घालून देण्यांत आलीं आहेत.

उमेदवार येथें शिकतो तें मुख्यत्वें प्रश्न विचारण्यास. सर्वांत मोठा सभासद उद्यां बुडाला, तर तूट कोणत्या निधींतून व किती वेळांत भरून निघेल? नियमावलींत लिहिलें आहे तें प्रत्यक्षांत घडतें काय? उन्हाळ्यांत पदव्युत्तर विद्यार्थ्यांस प्रकल्पकार्य देण्याची प्रथा रिझर्व्ह बँकेंत आहे. खातें कोणतें मिळेल तें अर्थात् बँकेच्या हातीं. तथापि ही दृष्टि एकदां आली, कीं ती जन्मभर उपयोगी पडते.

आतां घरच्या मंडळींविषयीं. एकत्र कुटुंबांत रात्रीच्या पंगतीस सर्व विषय निघतात. काकांजवळ शेअर असतात, मामांचा पैसा म्युच्युअल फंडांत असतो. ‘काय रे, तुमच्या कचेरींत काय शिजतें आहे?’ असा प्रश्न सहज येतो. त्यांत कपट नसतें. परंतु बावीस वर्षांच्या मुलास वडिलधाऱ्यांपुढें ‘सांगतां येत नाहीं’ म्हणणें अवघड वाटतें. उद्धटपणा दिसेल या भीतीनें तो अर्धें बोलून जातो. कंपनीची अप्रसिद्ध व भावावर परिणाम करणारी माहिती कामाच्या कारणाशिवाय दुसऱ्यास देणें आणि तिच्या आधारें सौदा करणें, हीं दोन्ही सेबीच्या २०१५ च्या नियमांनीं निषिद्ध आहेत. पण कायदा क्षणभर बाजूस ठेवूं. मनुस्मृतींतील अठरा व्यवहारपदांत ऋणादानाच्या पाठोपाठ दुसरें स्थान निक्षेपास, म्हणजे विश्वासानें सोंपविलेल्या ठेवीस आहे. कचेरींतील माहिती हाहि एक निक्षेपच होय, आणि दुसऱ्याची ठेव आपल्या मुलानें उघडून दाखवावी असें कोणत्या घरास वाटेल?

म्हणून ही उमेदवारी एकट्या मुलाची नव्हे, घराचीहि आहे. तो संध्याकाळीं परतला म्हणजे चहा द्यावा, गाडींत बसावयास जागा मिळाली कीं नाहीं तें पुसावें, नवें काय शिकलास हेंहि अवश्य विचारावें. कोणाचें काय चाललें आहे, तें मात्र विचारूं नये. आणि त्यानें ‘सांगतां येत नाहीं’ म्हटलें, तर शाबासकी द्यावी.